कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील माहुली

आपल्या ज्ञातीतील जी कुटुंबे सातारा शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, त्यांपैकी बहुतेकांनी आपल्या वडीलधाऱ्यांस शेवटचा निरोप माहुलीच्या संगमावरच दिलेला आहे. त्यामुळे घरात माहुलीचे नाव सहज जरी निघाले तरी वडील मंडळी ‘तिन्हीसांजेस असले नाव घेऊ नये’ म्हणून मुलांस गप्प करीत. स्मशानाचे गाव एवढीच ओळख या गावाच्या वाट्यास यावी हे योग्य नव्हे, असे इतिहास शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या शिक्षकास वाटत आले आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत माहुलीविषयी चार शब्द लिहीत आहे.

साताऱ्याच्या पूर्वेस सुमारे पाच किलोमीटरांवर वेण्णा कृष्णेस मिळते. दोघींचा उगम महाबळेश्वरी, पंचगंगेच्या देवळात मानितात. एका माहेराहून निघालेल्या या बहिणी. परंतु कृष्णा वाईवरून येते, वेण्णा मेढ्यावरून येते, आणि माहुलीस त्यांची भेट होते. तिसरी बहीण कोयना, ती पुढे कऱ्हाडास भेटते. नदीमुळे गावाचेही दोन भाग पडले आहेत. साताऱ्याच्या बाजूस, पश्चिम तीरावर संगम माहुली. पलीकडे पूर्व तीरावर क्षेत्र माहुली. संगम माहुली औंधच्या पंतप्रतिनिधींकडे होती. क्षेत्र माहुलीस वैदिक व भिक्षुक मंडळींची वस्ती झाली. नवखा मनुष्य एका माहुलीस जावयाचा तो हटकून दुसऱ्या माहुलीस पोहोचतो.

दोन्ही तीरांवर घाट आणि देवालये आहेत. त्यांत संगम माहुलीचे विश्वेश्वराचे देवालय सर्वांत भव्य. ते श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी 1735 च्या सुमारास बांधिले. खाली काळ्या पाषाणाचे घडीव काम आणि वर विटा-चुन्याचे शिखर, ही त्या काळची सातारकडील धाटणी येथे उत्तम पाहावयास मिळते. समोरच्या तीरावरील रामेश्वर त्याहून जुना. तो देगावच्या परशुराम नारायण अनगळ यांचा. बांधविणाऱ्यांची नावे अशी गॅझेटियरात सापडतात; दगड घडविणाऱ्या पाथरवटांचे एकही नाव माझ्या वाचनात आले नाही. असो.

अनगळ हे नाव माहुलीच्या इतिहासात आणखी एकदा येते. न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुणे हे माहुलीचे. वयाची विशी येईपर्यंत त्यांस विद्येचा गंध नव्हता आणि पोटासाठी ते साताऱ्यास अनगळ सावकाराकडे चाकरीस होते, असे सांगतात. पाहुण्याच्या पायांवर पाणी घालीत असता त्याच्या कानांतील मोत्यांच्या चौकड्याकडे त्यांची दृष्टी खिळून राहिली व पाण्याची धार भलतीकडे गेली. त्यावर, असली भूषणे विद्येने मिळतात, पाणक्यास नव्हे, असे बोल त्यांस ऐकावे लागले. आख्यायिकेचे पाठभेद अनेक आहेत. त्यांतील तपशिलावर मी हट्ट धरणार नाही. मात्र ते त्यानंतर काशीस गेले, बाळंभट्ट पायगुंडे यांच्याजवळ धर्मशास्त्र शिकले, 1751 त पेशव्यांच्या पदरी आले आणि 1759 त मुख्य न्यायाधीश झाले, हा इतिहास आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या अपराधास देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही, असे त्यांनी साक्षात रघुनाथरावांस सांगितले आणि पुणे सोडून ते वाईनजीक पांडववाडीस जाऊन राहिले. पुढे नाना फडणविसांच्या कारभारात ते परत आले व 1789 त वारले. वर्गात हा प्रसंग सांगताना मुले प्रत्येक वेळी विचारीत, ‘गुरुजी, मग राघोबास शिक्षा झाली का?’ झाली नाही, हे सांगणे शिक्षकास फार जड जाते.

1817 च्या ऑगस्टात दुसरे बाजीराव तीर्थयात्रेच्या निमित्ताने माहुलीस आले असता सर जॉन माल्कम त्यांस येथे येऊन भेटला. बाजीरावांच्या गोड बोलण्यावर त्याने विश्वास ठेविला. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने ठेविला नाही. तीनच महिन्यांनी खडकीची लढाई झाली. हाच माल्कम पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि कृष्णा-वेण्णेच्या उगमाजवळ त्याच्या नावाची पेठ वसली.

आता संगमाच्या वाळवंटाकडे वळू. माहुली ही सातारच्या छत्रपतींची स्मशानभूमी. 15 डिसेंबर 1749 रोजी थोरले शाहू महाराज निवर्तले. त्यांचा दहनसंस्कार येथे झाला व राणी सकवारबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या. हे सहगमन स्वेच्छेचे की दरबारी राजकारणाच्या रेट्याचे, याविषयी इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मला दुसरे कारण खरे वाटते; कारण निपुत्रिक राजाच्या मागे जिवंत राहिलेली राणी अनेकांस अडचणीची होती.

महाराजांच्या मातोश्री येसूबाई यांचीही समाधी माहुलीसच. 1689 त रायगड पडला तेव्हा बालशाहूसह त्या मोगलांच्या कैदेत गेल्या. पुत्र 1707 त सुटला. माता मात्र 1719 पर्यंत सुटली नाही. तीस वर्षांची कैद भोगून त्या साताऱ्यास आल्या आणि शेवटी या नदीकाठी विसावल्या. त्यांच्या जाऊबाई महाराणी ताराबाई. राजारामांच्या मागे 1700 पासून सात वर्षे त्यांनी औरंगजेबाशी झुंज दिली, आणि शाहू परत येताच त्यांचा हक्क नाकारून 1707 च्या ऑक्टोबरात खेडच्या लढाईत त्यांच्याशीच सामना केला. राज्याचे सातारा व कोल्हापूर असे दोन तुकडे झाले ते या वादापायी. नंतर ताराबाई साताऱ्यास नजरकैदेत राहिल्या, शाहूंच्याही मागे बारा वर्षे जगल्या, पानिपतचा अनर्थ त्यांनी ऐकिला, आणि डिसेंबर 1761 त शहाऐंशी वर्षांच्या होऊन गेल्या. त्यांचीही समाधी माहुलीसच. ज्यांच्या भांडणाने मराठमंडळ दुभंगले, ते पुतण्या, जाऊ आणि जाऊ एकाच वाळवंटात हाकेच्या अंतरावर आहेत. दोन नद्यांचा संगम पाहावयास यात्रेकरू येतात. हा दुसरा संगम त्यांस कोणी दाखवीत नाही.

या समाध्यांची स्थिती काय, हे लिहिताना मन कष्टी होते. घाटाजवळ शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या आवडत्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने शिकारीत वाघापासून महाराजांस वाचविले व त्यास पालखीचा मान मिळाला, असे म्हणतात. ती समाधी येणारा-जाणारा सहज पाहतो. इमानी जनावराचा गौरव झाला याचे मला सुखच आहे. पण औरंगजेबाशी लढलेल्या राणीची समाधी अनेक वर्षे पुराच्या वाळूगाळात, पडझडीत राहिली. आणि येसूबाईंच्या समाधीचे स्थळ तर लोकांच्या स्मृतीतूनही गेले होते. अलीकडच्या काळात साताऱ्यातील इतिहासप्रेमी तरुणांनी जुने कागद धुंडाळून ते स्थळ पुन्हा दाखवून दिले. धोम व कण्हेर येथे धरणे झाल्यापासून दोन्ही नद्यांच्या प्रवाहावर बांध पडला आहे. तरी पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या बुडतात, आणि पाणी ओसरले की चौथऱ्यांभोवती नवा गाळ साचलेला असतो.

येसूबाईंचे स्थळ कागदांवरून सापडले, ही गोष्ट आपल्या ज्ञातिबांधवांनी ध्यानात घ्यावी. आपल्यापैकी काहींच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल अद्याप बांधलेले आहेत. त्यांत माहुलीच्या उपाध्यायांस दिलेली दक्षिणा, घाटाच्या डागडुजीचा खर्च, एखाद्या समाधीच्या दिवाबत्तीची नेमणूक असे काही निघाल्यास ते रद्दीत न घालता मोडी जाणणाऱ्यास दाखवावे, एवढी विनंती आहे. ताराबाईंच्या समाधीची मूळ बांधणी कशी होती, हे असल्याच एखाद्या खर्चाच्या यादीवरून कळण्याचा संभव आहे.