लष्कराच्या भाकरी

आमच्याकडं भाकर म्हटलं की ज्वारीची. बाजरीची असली तर तसं वेगळं सांगावं लागतं. भात सणावारालाच. तरी आमची मोठी माय “शितावरून भाताची परीक्षा” हे सहज बोलून जायची. ही म्हण भाताच्या मुलखातून आमच्याकडं पाहुणी आली असावी. घरच्या म्हणी भाकरीच्या, कण्यांच्या नि कोंड्याच्या.

आमच्या जालना जिल्ह्यात केळणा नदीच्या काठी असई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथं शिंदे-भोसल्यांच्या फौजा नि इंग्रजांचा आर्थर वेलस्ली यांची लढाई झाली. हाच वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, १८१५ ला वॉटर्लूवर नेपोलियनशी लढला. पुस्तकांत तोफा किती नि माणसं किती पडली, सगळं लिहिलंय. पण सप्टेंबरात रब्बीची पेर व्हायची असते, कणगी तळाला गेलेली असते. एवढ्या तोंडांना कोणाच्या कणगीतलं धान्य गेलं, ते दळलं कोणी, याची ओळ काही मला सापडली नाही. पुढं जालन्यात निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणीही होती. ‘लष्कराच्या भाकरी भाजणे’ हे इथंच जन्मलं असं मी म्हणणार नाही, ते साऱ्या महाराष्ट्राचं आहे. पण लोकाच्या लग्नात राबून आलेल्या सुनेला मोठी माय “आलीस का गं लष्कराच्या भाकरी भाजून?” असं विचारायची, तेव्हा त्यात चेष्टा थोडी नि कीव जास्त असायची.

‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ ही तिची दुसरी आवडती. पोरानं कोरड्यासावरून नाक मुरडलं की हीच. कोंडा म्हणजे पीठ चाळल्यावर चाळणीत उरतो तो; तो जनावराला जायचा.

मग १९७२ चा दुष्काळ आला. मी पाचवीत होतो. जालना जिल्हा तेव्हा झालाच नव्हता, तो १ मे १९८१ चा. आमचा तालुका औरंगाबादेत. माय खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची. रेशनला अमेरिकेतून आलेला लाल मिलो. त्याची भाकर थापतानाच चिरायची. मोठी माय कडा दाबत राहायची नि “कोंड्याचा मांडा करायलोय” म्हणायची. आता पीठ चाळणं बंद झालं होतं, कोंडाही पोटातच जात होता. दुपारच्या सुट्टीत मी मायला डबा नेऊन द्यायचो. ऊन टळेपर्यंत बाया खडीच्या ढिगाशेजारी आडव्या व्हायच्या. उशाला धोंडा.

त्या सालानंतर ही म्हण आमच्या घरात कोणी उच्चारली नाही. कोणी बंदी घातली होती असं नाही. मोठी माय १९८० च्या सुमारास गेली; तोवर तिच्या तोंडून मी ती परत ऐकली नाही.

मास्तरकीच्या शेवटच्या वर्षांत ती मला फळ्यावर लिहावी लागली. गावात तोवर सोयाबीन, कपाशी नि मोसंबी, ज्वारी वैरणीपुरती. ‘भाकरी फिरवणे’ पोरांना टीव्हीवरच्या राजकारणामुळं ठाऊक होतं. कोंडा मात्र अडला. एक पोरगी म्हणाली, “सर, केसातला?” सगळा वर्ग हसला, मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी घरून चाळणीतला कोंडा पुडीत बांधून नेला. एका पोरानं चिमूटभर तोंडात टाकला, खिडकीशी जाऊन थुंकला नि म्हणाला, “सर, हे खरंच खायचे?”

“खायचो,” म्हणालो.