सेटलमेंटची जमीन आणि आपला हक्क

सोलापूर शहरात सात रस्त्यावरून विजापूरच्या वाटेस लागले म्हणजे ‘सेटलमेंट’ आणि ‘फ्री कॉलनी’ ही नावे कानी पडतात. टपालाच्या पत्त्यांत आणि शाळेच्या दाखल्यांत ती इतकी रुळली आहेत की, नव्या पिढीतील पुष्कळांस त्यांचा मूळ अर्थ ठाऊक नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. कारण हा केवळ नावांचा नव्हे, तर जमिनीचा इतिहास आहे आणि त्याचा शेवट अद्याप व्हावयाचा आहे.

जुन्या गावगाड्यात पाटील-कुलकर्ण्यांस वतन होते, बलुतेदारांस बलुते होते आणि कुणब्यास शेत होते. आपल्या कैकाडी समाजाचे पूर्वज यांपैकी कोणीच नव्हते. तुरीच्या व तरवडाच्या काड्यांच्या टोपल्या, कणग्या, डालगी विणावी, गाढवावर माल लादून या बाजारचे त्या बाजारी न्यावे आणि हंगाम सरला की पुढचे गाव गाठावे, हा त्यांचा संसार. त्यांचा हक्क कागदावर नव्हता, पण रूढीत होता. गायरानावर पाल ठोकावे, ओढ्याकाठची शिंदी तोडावी, शेत निघाल्यावर तुरीच्या काड्या न्याव्यात, यास गाव सहसा हरकत घेत नसे.

इंग्रजी अमलात ही रूढी मोडली. 1836 मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पद्धतीची रयतवारी पाहणी सुरू झाली आणि पुढे ती दख्खनभर पसरली. प्रत्येक शेतास नंबर मिळाला, प्रत्येक नंबरास खातेदार मिळाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने या पद्धतीचे गुणदोष काहीही असोत, जो खातेदार नाही त्याचा जमिनीशी संबंधच नाही असे तिने ठरविले. पडीक व गायरान सरकारचे झाले. 1878 च्या जंगल कायद्याने रानावर पहारा बसला. 1860 मध्ये आगगाडी सोलापुरास पोहोचली आणि लादणीच्या व्यापाराचे दिवस भरत आले. ज्यास पुढे ‘विकास’ हे नाव मिळाले, त्याने आपल्या पूर्वजांचा रस्ता, रान आणि रोजगार ही तिन्ही एकापाठोपाठ काढून घेतली.

जो निरुद्योगी झाला त्यास गुन्हेगार ठरविणे सोपे असते. 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला; 1911 च्या कायद्याने त्याचा अंमल मुंबई इलाख्यातही आला आणि 1924 मध्ये तो नव्याने बांधला गेला. मनुष्याने काय केले हे न पाहता तो कोणाच्या पोटी जन्मला हे पाहणारा हा कायदा होता. इलाख्यात स्टार्ट नावाच्या सनदी अधिकाऱ्याने वसाहतींची योजना उभारली. सोलापुरात 1877 पासून कापडगिरणी चालू होती, पुढे आणखी गिरण्या निघाल्या आणि त्यांस मजूर हवे होते. तेव्हा कैकाडी, पारधी, भामटे, मांग गारुडी, छप्परबंद, कंजारभाट अशा अनेक जमातींची कुटुंबे येथे आणून तारेच्या कुंपणात बसविण्यात आली. हजेरी द्यावी, परवाना घेऊन बाहेर जावे, गिरणीत राबावे आणि वेळेत परतावे, असा क्रम होता. ज्यांची वागणूक समाधानकारक ठरे त्यांस कुंपणाबाहेरच्या वस्तीत राहू देत. तीच ‘फ्री कॉलनी’. वसाहतीत शाळा निघाल्या, काहींस अक्षरओळख व कसब लाभले, हे नाकारणे न्यायाचे होणार नाही. परंतु ज्या सरकारने आपल्या लोकांस सक्तीने एका जागी बसविले, त्याने त्या जागेवरचा हक्क मात्र त्यांस दिला नाही. बसविलेला मनुष्य मालक नव्हता, कूळही नव्हता. तो केवळ हजेरीपटावरील एक नाव होता.

मुंबई राज्यात 1949 मध्ये हा कायदा रद्द झाला आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी सर्व देशातून तो गेला. तो दिवस आपण विमुक्त दिन म्हणून पाळतो, ते योग्यच आहे. पण येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. त्याच सुमारास राज्यात जमिनीच्या मोठ्या सुधारणा होत होत्या. 1948 चा कूळकायदा झाला. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरून त्या दिवशी कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. 1950 च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने आणि 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट झाली. वतनदारांस ठरावीक रक्कम भरून जमिनी परत मिळण्याची तरतूद झाली. 1961 मध्ये कमाल जमीनधारणेचा कायदा आला. हे सर्व कायदे पुरोगामी होते, याविषयी आमच्या मनात शंका नाही. तथापि कूळकायदा विचारी, ‘कसत कोण होता?’ वतनाचा कायदा विचारी, ‘वतन कोणाचे होते?’ आपल्या माणसाजवळ दोन्ही प्रश्नांस उत्तर नव्हते. सुधारणेने ज्यांस हक्क दिला, त्यांचा पूर्वी काही ना काही संबंध नोंदलेला होता. ज्यांची नोंद केवळ पोलिसांच्या दप्तरी होती, त्यांच्या दारावरून सुधारणा पुढे निघून गेली.

पुढे सोलापूरच्या मोठ्या गिरण्याही बंद पडल्या आणि ज्या कामासाठी आपणांस येथे बसविले तेच उरले नाही. खेड्यांत गायरानावर राहिलेल्या बांधवांची स्थिती अधिक नाजूक झाली. 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. सरकारने रीतसर पट्टा दिलेल्या भूमिहीन मजुरांस त्यात अपवाद आहे. पण तो कागद दाखविणाऱ्यासाठी आहे. त्याच वर्षी राज्य सरकारने विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना काढली. तिच्यात कुटुंबास पाच गुंठे जागा व घर देण्याचे ठरले. योजना चांगली, परंतु तिलाही जातीचा दाखला लागतो आणि विमुक्त जातींच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. सतत फिरतीवर ठेवलेल्या समाजाने तो कोठून आणावा? त्यातच विदर्भातील कैकाडी अनुसूचित जातींत आणि उर्वरित महाराष्ट्रातील कैकाडी विमुक्त जातींत, ही विषमता आहेच.

या स्थितीत आम्हांस एक उपाय दिसतो. ज्या हजेरीपटांनी आपल्या आजोबांचा अपमान केला, त्याच पटांत त्यांचे नाव, जात आणि राहण्याचे ठिकाण लिहिलेले आहे. ज्या नोंदी आपणांस बांधण्यासाठी झाल्या, त्या आज आपल्या वास्तव्याच्या पुराव्यास उपयोगी पडू शकतात. शाळांचे जुने दाखले, गिरणीची कार्डे, वसाहतीचे कागद ज्यांच्या घरी असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. त्यांच्या प्रती काढून समाजाच्या कार्यालयात ठेवाव्यात. सुशिक्षित तरुणांनी सरकारी दप्तरातील नोंदींच्या नकला रीतसर मागवाव्यात.

सरकारने आपणांस सक्तीने एका जागी बसविले. त्या जागेचा कायदेशीर धनी होणे ही भीक नव्हे, ते अपुरे राहिलेले न्यायकर्म आहे. ते पुरे करून घेण्याची जबाबदारी आता आपल्या पिढीवर आहे, एवढे समाजबांधवांच्या ध्यानात आले तरी या लेखाचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.