हत्तीचें दुखणें आणि औषधाचें माप

पेण गांवीं गजाननाच्या मूर्ती घडतात आणि तेथून त्या दूरदूरच्या घरांत पोहोंचतात. त्या गजमुखापुढें आपण हात जोडतों. परंतु प्रत्यक्ष हत्तीचा पाय दुखूं लागला तर त्यास औषध किती द्यावें, हा प्रश्न आपल्यापैकीं थोड्यांच्याच मनांत येतो. श्रोतेहो, या प्रश्नालाहि इतिहास आहे, आणि तो बोधप्रद आहे.

आपल्याकडे गजवैद्यक फार जुनें. पालकाप्य मुनींनीं अंगदेशाच्या रोमपाद राजास सांगितलेला 'हस्त्यायुर्वेद' पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९४ सालीं छापला. महारोग, क्षुद्ररोग, शल्य व उत्तर असे त्याचे चार भाग. हत्ती म्हणजे केवळ मोठा बैल नव्हे, त्यास स्वतंत्र शास्त्र हवें, ही जाण त्या रचनेंतच आहे.

ही जाण सोडली म्हणजे काय होतें, तें १९६२ सालीं अमेरिकेंत दिसलें. ओक्लाहोमा येथें टस्को नांवाच्या हत्तीस एल्. एस्. डी. हें द्रव्य मांजराच्या प्रमाणावरून, वजनाच्या हिशेबानें, २९७ मिलिग्रॅम टोंचण्यांत आलें. दोन तासांच्या आंत तो मेला. मागाहून उपचारार्थ दिलेल्या औषधांचाहि त्यांत वाटा असावा. परंतु निव्वळ त्रैराशिक किती घातक ठरतें, याचा तो दाखला झाला. वास्तविक क्लायबर यांनीं १९३२ सालींच दाखविलें होतें कीं, देहाचें वजन वाढतें त्या मानानें शरीरव्यापार वाढत नाहीं. साठ किलोच्या मनुष्याहून चार हजार किलोचा हत्ती सुमारें सदुसष्टपट जड. पण त्याचा शरीरव्यापार सुमारें तेवीसपटच.

सूज व वेदना शमविणारीं औषधें शरीरांतील प्रोस्टाग्लँडिन नांवाच्या द्रव्यांची उत्पत्ति रोखतात. पुढें यकृतांत त्यांचें रूपांतर होतें व मूत्रपिंडें तें बाहेर टाकतात. हा वेग प्राण्यागणिक निराळा. फेनिलब्युटाझोन घोड्याच्या रक्तांत पांच-सहा तासांत निम्म्यावर येतें. गाईच्या रक्तांत त्यास दोन दिवसांच्या आसपास लागतात.

म्हणून विद्वानांनीं हत्तींचें रक्त वेळोवेळीं तपासूनच मात्रा ठरविल्या. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आशियाई हत्तीस आयबुप्रोफेन दर किलोस ६ मिलिग्रॅम, बारा तासांनीं, योग्य ठरलें. चार हजार किलोच्या हत्तीस हें २४ ग्रॅम, म्हणजे आपल्या ४०० मिलिग्रॅमच्या साठ गोळ्या, एका वेळीं! येथें वजनाचा हिशेब मनुष्याशीं बहुतेक जुळला, वेळेचा मात्र नाहीं. मनुष्य तीच गोळी सहा-आठ तासांनीं घेतो. फेनिलब्युटाझोनची गंमत आणखी निराळी. २००८ च्या अभ्यासाप्रमाणें आशियाई हत्तीस किलोमागें ३ मिलिग्रॅम दिवसाआड, तर आफ्रिकी हत्तीस २ मिलिग्रॅम रोज. दोघेहि हत्तीच, पण नियम एक नव्हे.

२०२५ सालीं कोल्हापूर जिल्ह्यांतील नांदणी मठाची हत्तीण माधुरी गुजराथेंतील वनतारा येथें न्यायालयाच्या आज्ञेनें हलविली गेली, तेव्हां हत्तीच्या सांध्यांचा व पायांचा विकार महाराष्ट्रांत घरोघर चर्चिला गेला. त्या निर्णयाविषयीं मतें कांहींहि असोत. मुक्या जनावराची वेदना मोजण्याचें काम शास्त्राचें आहे, एवढें तरी सर्वांस पटावें.

याच जातीच्या औषधांनीं दुसरा धडा गिधाडांकडून शिकविला. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचीं शवें खाऊन गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी होतात, हें २००४ सालीं सिद्ध झालें. तोंवर भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें शेंकडा नव्वदांहून अधिक नाहींशीं झालीं होतीं. भारतानें २००६ सालीं जनावरांसाठीं तें औषध बंद केलें. हत्तींत अभ्यासिलेलें केटोप्रोफेनहि २०२३ सालीं जनावरांसाठीं निषिद्ध झालें. रोह्याच्या दक्षिणेस म्हसळा तालुक्यांत चिरगांवच्या रानांत गिधाडांच्या रक्षणासाठीं जे श्रम झाले, त्यांचें मोल यावरून ध्यानीं येईल.

तात्पर्य, औषधाचें माप केवळ रोग्याच्या वजनावर ठरत नाहीं. तें त्याच्या जातीवर, यकृतावर, आणि शेवटीं त्या शरीरावर जगणाऱ्या इतर जीवांवरहि ठरतें.