दहा बोटांचा दाखला

आम्ही आदिलाबादकर पैनगंगेच्या पुलावरून पांढरकवड्याला सोयरीक जुळवायला जातो, तेव्हा कुणी अडवून 'कोण तू?' म्हणून विचारीत नाही. निजामी अमदानीत या सीमेवर करोडगिरीचे नाके होते. तिथे गाठोडे सोडून दाखवावे लागे, असे आजोबा सांगत. पण गाठोडेच; बोटे कुणी मागितली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात निर्मलकडचा एक माजी विद्यार्थी भेटायला आला. आखातात गवंडीकाम करतो. म्हणाला, "सर, सिमेंटनं बोटं झिजली. विमानतळावर यंत्रानं चारदा नाकारली. मागं रांग खोळंबलेली. मी चोर आहे का?"

मला इतिहासच आठवला. ठशांची विद्या वाढली ती आपल्याच देशात. १८५८ साली बंगालात विल्यम हर्शेलने एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. पुढे एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली अजीजुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांचे वर्गीकरण बसविले आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे कार्यालय निघाले. पद्धतीला नाव मात्र साहेबाचे!

हीच विद्या दक्षिण आफ्रिकेत हिंदी माणसावर उलटली. आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी व्यक्तीने बोटांचे ठसे देऊन दाखला घ्यावा आणि पोलिसाने मागताच दाखवावा, असा वटहुकुमाचा मसुदा ट्रान्सवाल सरकारने १९०६ मध्ये काढला. ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या सभेत तो न पाळण्याची शपथ झाली. १९०७ मध्ये कायदा आलाच.

सत्याग्रह ठशांविरुद्ध होता असे आपण वर्गात शिकवतो. ते अर्धेच खरे. नोंदणी स्वेच्छेची राहील आणि कायदा मागे घेतला जाईल, या समजुतीवर १९०८ च्या फेब्रुवारीत गांधीजी स्वतः नोंदणीला निघाले. वाटेत मीर आलमने त्यांना मारहाण केली, तरी जखमी अवस्थेत अंथरुणावरून त्यांनी ठसे दिले. कायदा मात्र रद्द झाला नाही. १६ ऑगस्टला दोन हजारांवर दाखले जाळले गेले. ऑक्टोबरात नाताळमधून ट्रान्सवालमध्ये शिरताना व्होक्सरस्टच्या सीमेवर गांधीजींना अडविले. दाखला नव्हता, ठसे द्यायला नकार. दोन महिने सक्तमजुरी झाली. बोटे तीच होती. फेब्रुवारीत दिली ती राजीखुशीने, ऑक्टोबरात मागितली ती सक्तीने.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. जानेवारी २०२५ पासून हैदराबादच्या विमानतळावरही बोटे आणि चेहरा आधी नोंदविणाऱ्यांसाठी जलद मार्ग आहे. नोंदणी ऐच्छिक. ज्याला रांगेत थांबणे परवडते, त्याला 'ऐच्छिक' या शब्दाला अर्थ आहे. परक्या देशाच्या दारात उभ्या असलेल्या, घरी कर्जाचे हप्ते चालू असलेल्या गवंड्याने कुणाला नाही म्हणायचे? आणि त्याच्या ठशांची नोंद तिथे किती वर्षे राहील, कोण पाहील, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

हे सगळे मी त्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग पुढच्या खेपेला काय करू, सर?"

जाण्याआधी आठ दिवस बोटांना खोबरेल चोळ, एवढेच मी सांगू शकलो.