मनीऑर्डर ते बचत गट

आजचा विषय आपल्या सिंधुदुर्गातलाच. बचत गटांनी गरिबी कमी होते का?

थोडं मागे जाऊया. एकेकाळी कोकणातली कितीतरी घरं मुंबईच्या मनीऑर्डरवर चालायची. पुरुष गिरणीत, बायका गावात. शेती, गुरं, म्हातारी माणसं सगळं त्याच बघायच्या, पण रोख पैसा पोस्टमन आला की हातात. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि तो आधारही डळमळला. बँकेत जावं तर तारण काय देणार? जमीन बहुधा सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर.

तिकडे बांगलादेशात मुहम्मद युनूस 1976 पासून बिनतारण छोटी कर्जं देत होते. आपल्याकडे वाट जरा वेगळी निघाली. नाबार्डने 1992 मध्ये 500 गट बँकांशी जोडायचा प्रयोग हाती घेतला. तत्त्व सोपं: आधी बचत, मग कर्ज. दहा ते वीस बायका दरमहा ठरलेली रक्कम जमा करतात, त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात, व्याज गटातच राहतं. तो हिशोब चोख दिसला की बँक पुढचं कर्ज देते. म्हणजे तारणाची जागा गटाच्या वहीने घेतली! 2003 मध्ये राज्य सरकारने बचत गटांचं काम माविमकडे सोपवलं आणि ते गावोगावी पसरलं.

पण कर्ज मिळालं म्हणजे गरिबी हटली, असं नाही. आंध्रात खासगी मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या वसुलीवरून एवढं रान पेटलं की 2010 मध्ये सरकारला अध्यादेश काढावा लागला. एक हप्ता भरायला दुसरं कर्ज, अशी गत झाली होती. कर्ज होतं, कमाई नव्हती.

आता वेंगुर्ल्याला या. मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाने 2017 मध्ये कांदळवन सफर सुरू केली. बायका स्वतः होडी वल्हवतात, पर्यटकांना झाडं आणि पक्षी दाखवतात. खाडी टिकली तरच धंदा टिकणार, म्हणून कांदळवन राखणंही त्यांच्याच फायद्याचं. अर्थात पावसाळ्यात पर्यटन मंदावतं. तेव्हा घर चालवायला गटातली बचतच कामाला येते.

म्हणून मला वाटतं, गटाला किती कर्ज मिळालं, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: त्या पैशातून रोजची कमाई उभी राहिली का, आणि ती कमाई कुठे खर्च करायची हे कोण ठरवतं? तुमच्या वाडीतल्या गटाला हे नक्की विचारून बघा. भेटूया पुढच्या भागात!