विद्यापीठातील कर्मचारी परिषद : रचना, कार्य आणि मर्यादा

पावर हाउस (भिलाई) : विद्यापीठ म्हटले की विद्यार्थी आणि प्राध्यापक डोळ्यांसमोर येतात. प्रवेशअर्जाची छाननी करणारा लिपिक, प्रयोगशाळेतील परिचर, ग्रंथालयातील सहायक, परीक्षा विभागातील अधीक्षक आणि लेखा शाखेतील कर्मचारी यांच्यावाचून विद्यापीठाचा एक दिवसही निभत नाही. मात्र निर्णय घेणाऱ्या मंडळांत त्यांचा आवाज क्वचितच पोहोचतो. हे अंतर कमी करण्यासाठी जगातील अनेक विद्यापीठांनी ‘कर्मचारी परिषद’ ही व्यवस्था स्वीकारली आहे. हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावरील भिलाई पावर हाउस स्थानकाच्या परिसरात या विषयाचा विचार करण्यास विशेष कारण आहे. संवादाची दारे कोणासाठी उघडी असतात आणि कोणासाठी बंद, या प्रश्नाची फार मोठी किंमत या गावाने मोजलेली आहे.

परिषद म्हणजे काय?

कर्मचारी परिषद ही कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या किंवा विभागवार नेमलेल्या प्रतिनिधींची सल्लागार संस्था असते. कामाच्या पद्धती, प्रशिक्षण, कल्याणकारी सोयी, सुरक्षितता आणि दैनंदिन अडचणी हे तिचे विषय होत. ती कामगार संघटना नव्हे. वेतनाचा करार करणे किंवा संप पुकारणे हे तिचे काम नाही. ती प्रशासनाची सूचना-फळीही नव्हे. कर्मचाऱ्यांचे म्हणणे वर नेणे आणि प्रशासनाचे कारणांसह उत्तर खाली आणणे, अशी तिची दुहेरी जबाबदारी असते.

तिचे बळ देशागणिक बदलते. अमेरिकेतील विद्यापीठांत ती बहुधा सल्ला देण्यापुरती असते. जर्मनीतील सार्वजनिक विद्यापीठांत कर्मचारी परिषदेला कायद्याचा आधार आहे. तेथे नेमणुका, कामाचे तास यांसारख्या ठरावीक बाबींवर प्रशासनाला परिषदेला विचारात घ्यावेच लागते.

भारतातील परंपरा

सल्लामसलतीची कल्पना भारतात नवी नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, ब्रिटनमध्ये व्हिटली समितीने मालक व कामगार यांच्या संयुक्त परिषदांची शिफारस केली. स्वातंत्र्याच्या वर्षी संमत झालेल्या औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी ‘कार्य समिती’ची तरतूद झाली. या समितीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असू नयेत, अशी अट घालण्यात आली.

जुलै १९६० मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप झाला. त्यानंतरच्या विचारमंथनातून १९६६ मध्ये केंद्राची संयुक्त सल्लागार यंत्रणा अस्तित्वात आली. राष्ट्रीय, विभागीय आणि कार्यालयीन अशा तीन स्तरांवर सरकारी पक्ष व कर्मचारी पक्ष समोरासमोर बसू लागले. वेतन व भत्ते, कामाचे साप्ताहिक तास आणि रजा या विषयांवर मतभेद राहिल्यास लवादाकडे जाण्याची सोयही ठेवण्यात आली. चर्चा निष्फळ ठरली तर पुढे काय, याचे उत्तर या यंत्रणेने आधीच लिहून ठेवले. विद्यापीठांतील बहुतेक व्यवस्थांत नेमके तेच आढळत नाही.

भिलाईचा धडा

भिलाई पोलाद कारखान्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. करार झाला तेव्हा हा परिसर ज्या मध्य प्रदेश राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. कारखान्याभोवती नियोजित वसाहत, शाळा आणि रुग्णालये उभी राहिली. पोलाद उद्योगातील कायम कामगारांच्या वेतनावर १९६९ पासून राष्ट्रीय पातळीवर संयुक्त समितीत वाटाघाटी होऊ लागल्या. कायम कामगाराला संघटना होती, समिती होती, तक्रार मांडण्याची ठरलेली पायरी होती.

खाणींतील कंत्राटी मजूर आणि परिसरातील खासगी कारखान्यांतील कामगार यांना मात्र हे संरक्षण नव्हते. कारखान्याच्या दल्ली राजहरा येथील खाणींत शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली कंत्राटी मजूर संघटित झाले. त्यांनी वेतनाच्या मागणीबरोबरच आरोग्य, शिक्षण आणि दारूबंदीचे काम हाती घेतले. १९८३ मध्ये सुरू झालेले शहीद रुग्णालय हे त्याच प्रयत्नांचे फळ. पुढे ही चळवळ भिलाईच्या खासगी उद्योगांत पोहोचली. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगी यांची हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी मागण्यांची दखल घेतली जात नसल्याने कामगार पावर हाउस स्थानकाजवळ रुळांवर बसले. पोलिसांच्या गोळीबारात पंधराहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले.

विद्यापीठातील कार्यालय आणि कारखान्याची भट्टी यांची तुलना एका मर्यादेपलीकडे करता येत नाही. तथापि एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. संवादाची यंत्रणा केवळ कायम कर्मचाऱ्यांपुरती राहिली, तर सर्वांत असुरक्षित माणूस तिच्या बाहेर राहतो.

विद्यापीठ ‘उद्योग’ आहे काय?

उद्योगांसाठीचे कायदे विद्यापीठाला लागू होतात काय, हा वाद जुना आहे. मूळचे साताऱ्याचे असलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी १९६३ मध्ये ‘दिल्ली विद्यापीठ विरुद्ध राम नाथ’ या प्रकरणाचा निकाल लिहिला. हे प्रकरण विद्यार्थिनींच्या महाविद्यालयाच्या बसचालकांचे होते. विद्यापीठ हा उद्योग नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. नंतर हेच गजेंद्रगडकर सरन्यायाधीश आणि पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ही भूमिका बदलली आणि शिक्षणसंस्थांनाही उद्योगाच्या व्याख्येत आणले. १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात शिक्षक हे कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नाहीत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. उद्योगाच्या व्याख्येचा प्रश्न २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविण्यात आला.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी तक्रार निवारण समितीची तरतूद आहे. तिच्यात दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी समान असावेत, महिलांना प्रमाणानुसार स्थान मिळावे आणि कार्यवाही तीस दिवसांत पूर्ण व्हावी, असे संहिता सांगते. धर्मादाय व समाजसेवी संस्थांना संहितेतील उद्योगाच्या व्याख्येतून वगळले आहे. म्हणून एखाद्या शिक्षणसंस्थेला ही तरतूद कितपत लागू होते, हे तिच्या स्वरूपावर अवलंबून राहते. कायदा बंधनकारक असो वा नसो, समान प्रतिनिधित्व आणि ठरलेली मुदत हे दोन निकष कोणत्याही परिषदेने घेण्याजोगे आहेत.

कोणाला किती जागा?

भिलाई-दुर्ग परिसर आज उच्च शिक्षणाचे केंद्र झाला आहे. नेवई येथे छत्तीसगड स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ, कुटेलाभाठा येथे भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि दुर्ग येथे हेमचंद यादव विद्यापीठ आहे.

तंत्रज्ञान संस्था अधिनियम, १९६१ नुसार प्रत्येक आयआयटीच्या नियामक मंडळावर अधिसभेने नामनिर्देशित केलेले दोन प्राध्यापक असतात. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी त्या रचनेत स्वतंत्र जागा नाही. दिल्ली विद्यापीठाच्या महाविद्यालयांत ‘स्टाफ कौन्सिल’ला अध्यादेशाचे अधिष्ठान आहे. प्राचार्य तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात आणि सचिवाची निवड सदस्य करतात. वेळापत्रक, प्रवेशप्रक्रियेचे आयोजन, ग्रंथखरेदीची मार्गदर्शक सूत्रे अशा बाबींवर ती निर्णय घेते. मात्र तिचे सदस्यत्व मुख्यतः शिक्षकांपुरते आहे.

एका ठिकाणी शिक्षकेतरांचे स्थान नियमानेच निश्चित झाले आहे. लैंगिक छळ प्रतिबंधाबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार अंतर्गत तक्रार समितीत दोन शिक्षक आणि दोन शिक्षकेतर कर्मचारी असावे लागतात. नियम स्पष्ट असेल तर प्रतिनिधित्व शक्य होते, याचा हा दाखला आहे.

प्रशिक्षणाची दुसरी बाजू

शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अकादमिक स्टाफ कॉलेजे स्थापन झाली. पुढे त्यांचे नाव मनुष्यबळ विकास केंद्र झाले, आणि २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. उद्बोधन व उजळणी वर्गांचा संबंध शिक्षकांच्या पदोन्नतीशी जोडलेला असल्याने त्यांना उपस्थितीही मिळते.

शिक्षकेतरांसाठी अशी पक्की साखळी नाही. कागदी नस्तीच्या जागी संगणकीय प्रणाली येते, परीक्षेचे अर्ज आणि निकाल ऑनलाइन होतात, खरेदी सरकारी ई-बाजारपेठेतून करावी लागते. हे बदल प्रत्यक्षात आणणाऱ्या लिपिकाला अनेकदा परिपत्रकापलीकडे काही मिळत नाही. चूक झाली तर खुलासा मात्र त्यालाच द्यावा लागतो. नॅकच्या मूल्यांकनात शिक्षकांबरोबर शिक्षकेतरांच्या प्रशिक्षणाचीही नोंद घेतली जाते. परंतु एका दिवसाची कार्यशाळा, तिचे छायाचित्र आणि हजेरीपट एवढ्यावर ती नोंद पूर्ण होते.

परिषद येथे उपयोगी पडते. कोणत्या शाखेला कोणते प्रशिक्षण हवे, हे वर्षारंभी विचारून घेणे, प्रशिक्षण कामाच्या वेळेत ठेवण्याचा आग्रह धरणे, नवख्या कर्मचाऱ्याला अनुभवी सहकाऱ्याची जोड देणे आणि सहा महिन्यांनी काय बदलले याचा आढावा घेणे, ही कामे तिच्या आवाक्यात आहेत. सेवाज्येष्ठता यादी वेळेवर प्रसिद्ध व्हावी, सेवापुस्तकातील नोंदी कर्मचाऱ्याला दाखवल्या जाव्यात, विभागीय परीक्षेची माहिती सर्वांना एकाच वेळी मिळावी, याही मागण्या विकासाच्याच आहेत. पदोन्नतीचा मार्ग धूसर असेल तर प्रशिक्षणाचा उत्साह फार काळ टिकत नाही.

संवाद कसा टिकतो?

परिषदेचे यश सभांच्या संख्येवर ठरत नाही. सभेपूर्वी विषयपत्रिका सर्व शाखांत पोहोचणे, कर्मचाऱ्यांना आपले विषय सुचवता येणे, ठरलेल्या मुदतीत इतिवृत्त प्रसिद्ध होणे आणि प्रत्येक ठरावावर कुलसचिवांचे लेखी उत्तर पुढील सभेत मांडले जाणे, ही साखळी महत्त्वाची. उत्तर ‘नाही’ असले तरी चालेल, पण त्याचे कारण दिलेले असावे. तक्रार मांडणाऱ्या सदस्याची बदली किंवा गैरसोय होणार नाही, ही हमीही नियमात लिहिलेली असावी.

मर्यादा

परिषदेला सर्व प्रश्न सोडवता येत नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रातील विद्यापीठे व महाविद्यालयांतील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आश्वासित प्रगती योजना आणि इतर मागण्यांसाठी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. मागण्या राज्य शासनाच्या अखत्यारीतील होत्या. विद्यापीठाच्या सभागृहात त्यांचा निकाल लागणे शक्य नव्हते. अशा बाबी संघटनेच्या कक्षेत येतात. परिषद हा संघटनेचा पर्याय म्हणून उभा करण्याचा प्रयत्न झाला, की कर्मचाऱ्यांचा तिच्यावरील विश्वास उडतो.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. स्वच्छता, सुरक्षा, माहिती-नोंदणी अशी कामे आता बाह्य यंत्रणेमार्फत होतात. ती करणारा कामगार विद्यापीठाच्या आवारात राबतो, पण कागदोपत्री तो कंत्राटदाराचा असतो. परिषदेच्या मतदारयादीत त्याचे नाव नसते. वेतन उशिरा झाले किंवा भविष्य निर्वाह निधीचा हप्ता भरला गेला नाही, तर त्याने कोणाकडे जावे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. कंत्राटी कामगारांना किमान निमंत्रित प्रतिनिधी देणे आणि कंत्राटदाराच्या देयकापूर्वी वेतन व निधी भरल्याचा पुरावा तपासणे, एवढे विद्यापीठाला सहज करता येण्यासारखे आहे.

एखाद्या विद्यापीठात परिषद आहे, एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. तिच्या मागील तीन सभांचे इतिवृत्त मिळते काय, किती ठरावांना लेखी उत्तर मिळाले आणि आवारात काम करणाऱ्यांपैकी किती जण तिच्या कक्षेबाहेर आहेत, हे तीन प्रश्न विचारल्यास परिषद नावापुरती आहे की कामाची, याचा उलगडा होतो. यांतील तिसरा प्रश्न वेळीच न विचारल्याचे परिणाम पावर हाउसच्या रुळांनी पाहिले आहेत.