सीमॉस चेकसम त्रुटी

सीमॉस चेकसम त्रुटी : संगणक सुरू करताना काळ्या पडद्यावर दिसणारा व अनेकदा रोज नव्याने येणारा त्रुटिसंदेश. ‘सीमॉस चेकसम एरर’, ‘सीमॉस बॅटरी लो’ असे त्याचे शब्द असतात. पुढे जाण्यासाठी एफ१ आणि सेटिंग बदलण्यासाठी डिलीट ही कळ दाबावी, अशी सूचना सहसा त्याखाली असते. एफ१ दाबल्यावर संगणक नेहमीसारखा चालतो. मात्र वीज तोडून पुन्हा सुरू केल्यावर तोच संदेश परत येतो. बहुतेक वेळा मदरबोर्डवरची नाण्याच्या आकाराची बॅटरी संपलेली असते.

कारण : आयबीएमच्या पहिल्या पीसीत यंत्राची मूळ जुळणी बोर्डावरच्या बारीक स्विचांनी ठरवली जाई. १९८४ साली आलेल्या पीसी/एटीमध्ये हे काम मोटोरोलाच्या एमसी१४६८१८ या चिपकडे गेले. तिच्यात घड्याळ आणि ६४ बाइट स्मृती होती. त्यांपैकी १४ बाइट घड्याळासाठी व ५० इतर माहितीसाठी होते. ही चिप सीमॉस प्रकारची, म्हणजे अत्यंत कमी वीज लागणारी असल्याने संगणक बंद असतानाही ती बॅटरीवर चालू राहते. साठवलेल्या बाइटांची बेरीज (चेकसम) चिपमध्येच नोंदवलेली असते. संगणक सुरू होताना बायॉस ही मदरबोर्डवरची मूळ आज्ञावली ती बेरीज पुन्हा करते आणि उत्तर जुळले नाही, तर साठवलेली माहिती बाद ठरवून कारखान्यातील मूळ सेटिंग वापरते. बेरीज चुकली एवढेच यातून कळते. चूक कोठे झाली, हे कळत नाही. अनेक नव्या संगणकांत सेटिंग फ्लॅश स्मृतीत राहते. तेथे बॅटरी संपली, तर मुख्यतः घड्याळच चुकते.

निदान : तारीख काही वर्षे मागे गेलेली असणे, ही सर्वांत ठळक खूण. मागच्या तारखेमुळे संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि ब्राउझर धोक्याची सूचना देतो. त्यामुळे दोष इंटरनेटचा वाटतो. संगणक बंद केल्यावर भिंतीवरच्या बोर्डाचे बटणही बंद करण्याची सवय असेल, तर घड्याळाचा सगळा भार बॅटरीवर पडतो आणि ती लवकर संपते. घड्याळ नेमके साडेपाच तास चुकत असेल, तर मात्र बॅटरी निर्दोष समजावी. एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स दोन्ही असले, की असे घडते. विंडोज चिपमधील वेळ भारतीय मानते, तर लिनक्स सहसा ती जागतिक प्रमाणवेळ धरते. बॅटरी ठीक असूनही संदेश येत राहिला, तर बॅटरीची खाच, सीमॉस पुसण्याचा जंपर किंवा खुद्द मदरबोर्ड तपासावा लागतो.

उपाय : डेस्कटॉपमध्ये बहुधा सीआर२०३२ ही ३ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. तिच्या नावातील २० हा मिलिमीटरमधील व्यास, तर ३२ म्हणजे ३.२ मिमी. जाडी. मल्टिमीटरवर २.७ व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली आकडा आला, की ती बदलावी. त्याआधी सध्याच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो घ्यावेत आणि विंडोजमध्ये डिस्क कूटबद्ध करणारे बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवावी. मग वीजजोडणी काढून पॉवरचे बटण काही क्षण दाबून धरावे व धातूच्या कॅबिनेटला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. खाचेची कड हलकेच दाबली, की जुनी बॅटरी वर येते. नवी बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर ठेवावी. लॅपटॉपमध्ये ही बॅटरी अनेकदा वायर व कनेक्टरसह येते, म्हणून तशीच आणावी लागते.

बॅटरी बदलल्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना संदेश आणखी एकदा येऊ शकतो. सेटिंगमध्ये जाऊन तारीख, वेळ आणि डिस्कचा क्रम भरून जतन केल्यावरच नवी बेरीज नोंदवली जाते. डिस्कच्या साटा जोडणीचा प्रकार एएचसीआय की रेड, हे आधीच्या फोटोशी ताडून पाहावे. तो बदलला, तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकू शकते.

काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्यावी. लहान मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते.